वास नाय, तर भाषण नाय

आमच्या शाळेतले वेखंडे सर मुलांच्या भाषणाचा वास घेतात. 'मला कोण व्हायचंय' या विषयावर मुलगा बोलायला उभा राहिला, की सर डोळे मिटतात, नाक जरा वर करतात आणि विचारतात, "या कामाला वास कसला येतो?" मुलगा छपराकडे बघतो. सर डोळे उघडतात. "वास नाय, तर भाषण नाय. बस खाली."

मी त्याच शाळेत गणित शिकवतो. शाळा डोळखांबच्या पुढे, आजूबाजूला पाडे. दर हिवाळ्यात शहापूरला तालुक्याची वक्तृत्व स्पर्धा असते आणि मुलं तयार करायचं काम सरांकडे असतं. सर मूळचे मुरबाडकडचे. शिकवतात भूगोल, पण ओळखले जातात भाषणांसाठी.

पूर्वी आमची सगळीच मुलं डॉक्टर होऊन गोरगरिबांची सेवा करायची. नववीतल्या किरणनंही तसंच म्हटलं. सर म्हणाले, "कोणत्या गरिबाची? नाव सांग." दुसऱ्या दिवशी सरांनी त्याला सरकारी दवाखान्यात नेऊन बसवलं. तिथे कोयता लागलेल्या एका माणसाचा पाय धुवत होते. किरण बाहेर आला, मोहाच्या झाडाखाली डोकं धरून बसला आणि त्याला बँकेत साहेब व्हावंसं वाटू लागलं. सर त्याला बँकेतही घेऊन गेले.

"कसला वास?"

"थंड वास येतो, सर."

सरांनी क्षणभर विचार केला आणि त्याला पास केलं.

तालीम भाताच्या गिरणीसमोर व्हायची. गिरणी चालू असताना मुलानं रस्त्याच्या अलीकडे उभं राहून बोलायचं आणि सर पलीकडे छत्री घेऊन उभे. ऐकू आलं नाही की छत्री वर. काही दिवसांनी गिरणीवाल्या तात्यांना सगळी भाषणं पाठ झाली. पोत्याला शिवण घालता घालता ते मध्येच ओरडायचे, "पोरा, तुझा दुसरा मुद्दा गळला रे." मुख्याध्यापकांनी एकदा सरांना समजावलं, की पालक विचारतात, हा अभ्यास आहे की काय आहे? सर म्हणाले, "पालकांना पण घेऊन या. त्यांनाही कुणी कधी बोलायला लावलं नाय."

गेल्या वर्षी मंजुळा भाषणाला आली. आठवीतली, वरच्या पाड्यावरची. वर्गात विचारलं तरच बोलणारी. ती म्हणाली, "सर, मला लाईनमन व्हायचंय."

वर्ग हसला. सर हसले नाहीत. "का गो?"

"पावसात आमच्या पाड्याची लाईट जाते. वायर तुटून पडते. लाईनमन येतो तवा अख्खा पाडा खांबाखाली गोळा होतो. तो वर चढतो आन् सगळे गप्प. देवाला बी कोण एवढं बघत नाय."

"वास?"

"जळक्या रबराचा. आन् त्याच्या घामाचा."

सर खुर्चीवरून उठले. असं मी पहिल्यांदाच पाहिलं. पुढच्याच आठवड्यात त्यांनी तिची आणि लाईनमनची गाठ घालून दिली. त्यानं तिला हातमोजे घालायला दिले. ते तिच्या कोपरापर्यंत आले. तिनं विचारलेल्या प्रश्नांनी तो घायकुतीला आला आणि शेवटी सरांना म्हणाला, "हिला खरंच पाठवा आमच्या खात्यात, नायतर ही मला घरी पण जाऊ द्यायची नाय."

भाषण लिहिताना मी एक सुचवलं, की 'नाय'चं 'नाही' करू या, परीक्षक गुण कापतील. सर म्हणाले, "मास्तर, ती अंधाराबद्दल बोलतेय. अंधारात कुणी 'नाही' म्हणत नाय."

शहापूरच्या सभागृहात मंजुळाच्या आधी बरेच कलेक्टर होऊन गेले. मंजुळा उभी राहिली, माईकपासून जरा लांबच, कारण गिरणीसमोर माईक नव्हता. शेवटच्या ओळीपर्यंत आवाज पोचला. मग एका परीक्षकांनी गोड आवाजात विचारलं, "पण बाळा, मुलीला खांबावर चढायला जमेल का?"

ती म्हणाली, "खांबाला काय कळतंय, पोरगा चढला का पोरगी."

मागच्या बाकांवर टाळ्या पडल्या. बक्षीस मिळालं उत्तेजनार्थ.

एसटी स्टँडवर डोळखांबच्या गाडीची वाट बघत आम्ही तिघं बाकावर बसलो. मंजुळा प्रमाणपत्र मांडीवर धरून होती.

"सर, उत्तेजनार्थ म्हणजे काय?"

"म्हणजे त्यांना आवडलं, पण त्यांना भीती वाटली."

तिला ते पटलं असावं. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "सर, तुमाला काय व्हायचं व्हतं?"

मला वाटलं, सर आता काहीतरी गमतीचं बोलतील.

"मला खानावळ काढायची होती," ते म्हणाले. "मुरबाडच्या नाक्यावर. मोठी नाय. दोन बाकं. बाप म्हणाला, शिकलेल्या माणसानं लोकांची ताटं उचलायची नसतात. मग डीएड केलं."

"खानावळच का पण?" मंजुळानं विचारलं.

"माणसं येतात ना. रोज तीच माणसं येतात. जेवता जेवता दोन गोष्टी बोलतात."

सरांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा नाशिकला असतो, गणपतीला येतो. डोळखांबला ते एका खोलीत भाड्यानं राहतात. हे सगळं मला माहीत होतं. इतकी वर्षं शेजारच्या टेबलावर बसून मी त्यांच्याकडे कधी जेवलो नव्हतो, आणि ते काय जेवतात हेही कधी विचारलं नव्हतं.

"मग काढा की आता," मंजुळा म्हणाली.

"आता कुठं गो," म्हणेपर्यंत गाडी लागली.

पण पुढच्या शुक्रवारी शाळेत ते मला म्हणाले, "रविवारी जेवायला या. मंजुळाला आन् तिच्या आईबापाला पण सांगितलंय." आम्ही गेलो. खोलीत सतरंजी अंथरलेली, पत्रावळी मांडलेल्या. वालाचं बिरडं, तांदळाच्या भाकऱ्या, सुकट, भात. सर काही बसले नाहीत. सारखे वाढत होते आणि मिठाचं विचारत होते. मंजुळाची आई म्हणाली, "गुरुजी, तुमी बी बसा." ते म्हणाले, "तुमचं होऊ द्या."

मंजुळाचा बाप फार बोलणारा नव्हे. त्यानं जेवता जेवता पाड्यावरच्या नव्या खांबाची गोष्ट सांगायला घेतली आणि सांगता सांगता पत्रावळ पुढे करून म्हणाला, "भात वाढा गुरुजी, अजून."

सर "आणतो" म्हणून पडद्याआड गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. भाताचं पातेलं आमच्यासमोरच होतं.