चव्हाणभाऊंचं अनवाणी चर्च

माझं अक्षर किरटं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली. चुका दिसतील, त्याची माफी असावी. पण चव्हाणभाऊंबद्दल लिहायचंच आहे. लोक त्यांना वेडे म्हणतात आणि मला ते पटत नाही.

चव्हाणभाऊ गोऱ्या माणसांना बूट काढायला लावत.

इंग्लंडात बेसिंगस्टोकला ते आमच्या शेजारी एकटे राहत. जवळच्या रीडिंग गावात बस चालवून रिटायर झालेले. दर गुरुवारी दोन बस बदलून एका खेड्यातल्या चर्चला जात आणि दारात छत्री आडवी धरून उभे राहत. शेतांतून फिरत आलेली जोडपी चिखलाच्या बुटांनी आत निघाली की म्हणत, "शूज ऑफ, प्लीज! इथं यात्रेला लोक अनवाणी येत. हिस्टरी आहे!" ती बिचारी सॉरी म्हणत मोज्यांवर आत जात.

मी मुलाकडे नवीन आले तेव्हा सून म्हणाली, "आई, घरात कंटाळाल. भाऊंबरोबर जाऊन या."

मी म्हटलं, "मला इंग्रजी कुठं येतं?"

भाऊ म्हणाले, "ताई, देवळात जायला इंग्रजी कशाला लागतं?"

चर्चला ते देऊळ म्हणत आणि तिथल्या व्हिकर बाईंना, म्हणजे पाद्रीणबाईंना, गुरवीणबाई. दारातून छत्रीच्या टोकानं एकेक गोष्ट दाखवत त्यांनी मला सगळं सांगितलं.

"आधी इथं नुसता झरा होता. डोळ्यांचे आजारी लोक लांबून अनवाणी चालत यायचे. मग एका राजानं यात्रा बंद केल्या, झऱ्यावरची मूर्ती फोडली. पण लोक ऐकतात होय? चोरून येतच राहिले. पुढे इथल्या जमीनदाराचे डोळे बरे झाले. तो इटली बघून आलेला. त्यानं झऱ्यावरच हे बांधलं. पिळाचे खांब, सोनेरी ढग, गुटगुटीत देवदूत. याला बरोक म्हणतात. गावकरी हसले. म्हणाले, हे चर्च आहे का केक?"

"केकसारखं दिसतं खरं," मी म्हणाले.

"कोण म्हणतं?" भाऊ कडाडले.

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. डॉक्टरांनी साखर वाढली म्हटलं, की कोण म्हणतं? बस गेली म्हटलं, की कोण म्हणतं? आणि स्टॉपवर अर्धा तास उभे.

देवदूत तीस आहेत असं ते सांगत. मी आत जाऊन मोजले तर एकतीस.

"भाऊ, एक दाराच्या वरच आहे, आतल्या अंगाला."

"कोण म्हणतं?"

"आत येऊन बघा ना."

भाऊंनी छत्री उघडली. पाऊस नव्हता. मग मला कळलं, हा माणूस कधी आत गेलेलाच नाही. लोक आत गेले की ते बाहेरून चर्चला अकरा प्रदक्षिणा घालत. त्यांच्या चालण्यानं भिंतीभोवतीचं गवत मरून मातीची गोल वाट पडली होती.

मग ते चर्च विकायला निघालं. कोणीतरी त्याचं घर करणार होतं. "झऱ्यावर बाथरूम काढतील, ताई!" भाऊंना दोन दिवस जेवण गेलं नाही. यात्रेकरू अजून येतात असं दिसलं तरच ते वाचणार होतं. ते बघायला चर्चच्या मोठ्या ऑफिसातून एक साहेब फाईल घेऊन आले.

साहेबांना गोल वाट दिसली. ते खूश होऊन म्हणाले, आणि भाऊंनी मला मराठीत सांगितलं, "ही यात्रेकरूंची जुनी वाट दिसते!"

गुरवीणबाई गप्प. मी हळूच म्हटलं, "भाऊ, तुम्हीही गप्प बसा."

"का म्हणून? देवळाच्या दारात खोटं बोलू?" मग साहेबांना इंग्रजीत म्हणाले, "जुनी नाही. माझी आहे." सावकाश बोलत होते म्हणून मलाही कळलं; साहेबांचं पुढचं बोलणं भाऊंनी परतताना बसमध्ये सांगितलं.

"म्हणजे यात्रेकरू येत नाहीत?"

"कोण म्हणतं? मी येतो. एक माणूस पुरत नाही?"

साहेबांनी विचारलं, "पण तुम्ही चालता कशासाठी?"

भाऊंनी छत्री या हातातून त्या हातात घेतली. "माझ्या मुलीचं लग्न इथं झालं. गोऱ्या मुलाशी. येणार नाही म्हणून मी तिला सांगितलं होतं. आलो, पण आत गेलो नाही. आतलं गाणं संपेपर्यंत बाहेर फिरत राहिलो. ती बाहेर यायच्या आत निघून गेलो. आता ती फोन घेत नाही."

साहेब म्हणाले, "हे लिहून सही करा. येणाऱ्यांची वही आत आहे."

"वही बाहेर आणा."

"ती बाहेर आणत नाहीत."

भाऊ त्या वाटेकडे बघत राहिले. मग वाकून बूट काढले, भिंतीशी नीट जोडीनं ठेवले आणि आत गेले.

सही झाली. महिन्याभरानं विक्री रद्द झाल्याचं पत्र आलं, पण ते नंतर. त्या दिवशी साहेब गेल्यावर भाऊंनी गुरवीणबाईंना विचारलं, "लग्नात नवरी कुठं उभी राहते?"

बाईंनी जागा दाखवली, म्हणाल्या, वडील तिला आपल्या हाताला धरून इथवर आणतात. भाऊ त्या जागेवर उभे राहिले नाहीत. तिच्या बाजूला एक पाऊल सोडून उभे राहिले, मान ताठ करून, आणि एका हाताचं कोपर जरासं बाहेर काढून धरलं.