गोदूमावशी पलीकडे जाते

एका जंगलात, बाळांनो, एक फार जुनी पेठ होती. मधोमध वड, वडाला दगडी पार आणि बोळ असे अरुंद की दोन ससे समोरासमोर आले तर एकाने कान पाडायचे. पेठ वसली तेव्हा सगळ्यांना पाय होते. आजही आहेत, पण आता ते ब्रेक दाबायला लागतात.

झालं असं की गेंड्याने गाडी घेतली. म्हणून रेड्याने त्याहून मोठी घेतली. मग हरणानेही घेतली. उड्या मारत केव्हाच घरी पोहोचलं असतं बिचारं! पण ते वडापाशी अडकून हॉर्न वाजवत बसायचं आणि म्हणायचं, "वेळ वाचतो हो."

याच पेठेत गोदूमावशी नावाची मुंगसीण राहायची. तिची लेक केशर रस्त्यापलीकडे, अगदी समोरच्या बिळात दिली होती. केशरचं पहिलंच बाळंतपण. एका सकाळी जावई पलीकडून ओरडला, "सासूबाई, लवकर या! कळा सुरू झाल्या!"

मावशीने सुंठ-डिंकाचं गाठोडं उचललं आणि रस्त्याच्या कडेला येऊन उभी राहिली.

आता मुंगूस दिसणं म्हणजे केवढा शुभशकुन! तिला पाहून प्रत्येक गाडीवाला स्टिअरिंग सोडून हात जोडायचा, "वा, आज काम होणार!" म्हणायचा आणि गाडी आणखी जोरात हाणायचा. शकुन झाल्यावर थांबतो कोण?

चौकात वानर हवालदार होता. मावशी म्हणाली, "भाऊ, जरा गाड्या अडवा हो. लेक बाळंत होतेय."

"आज नाही जमायचं मावशी. आज पादचारी दिन आहे."

"मग बरंच झालं की!"

"कसलं बरं? केवढे पाहुणे यायचेत! सगळ्यांच्या गाड्या मीच लावायच्या."

तेवढ्यात नगराध्यक्ष गेंडेसाहेब गाडीतून उतरले. मावशीला पाहून ते हरखलेच. "मुंगूस! आणि तेही पायी! घ्या यांना स्टेजवर!"

"साहेब, मला पलीकडे—"

"अहो, तुमच्यासाठीच तर चाललंय हे सगळं. बसा."

पारावर मावशीला शाल मिळाली, नारळ मिळाला, 'आदर्श पादचारी' असा किताब मिळाला. रेडा चालण्याच्या फायद्यांवर बोलला. बोलता बोलता त्याला धाप लागली. पलीकडून जावयाने पुन्हा हाक मारली, "सासूबाई!" रेडा खूश होऊन म्हणाला, "बघा, जनता कशी साद देतेय!"

भाषणं संपली तेव्हा पाहुण्यांच्या गाड्या रस्त्यावर होत्या, फुटपाथवर होत्या, पाराच्या पायरीलाही टेकल्या होत्या. बोट शिरेल एवढी फट नव्हती.

"मी गाड्यांखालून जाते," मावशी म्हणाली.

"भलतंच काय!" गेंडेसाहेब म्हणाले. "आदर्श पादचारी चाकाखाली आली तर पेपरवाले मला सोडतील का? माझी गाडी सगळ्यांच्या पुढे आहे, तीत बसा. दारात सोडतो."

मावशी बसली. काय करते?

पण पेठेत रस्ते एकदिशा, आणि गेंडेसाहेब नियमाचे पक्के. गाडी डावीकडे वळली. पुलावरून नदीपार गेली. तिथे खोदकाम चालू होतं, म्हणून डोंगराला वळसा घालून शेजारच्या जंगलात शिरली.

"साहेब, लेक वाट बघतेय हो!"

"आलोच. फक्त पार्किंग मिळू दे."

बाळांनो, मुंगसाचं पिल्लू डोळे मिटून जन्माला येतं आणि पुष्कळ दिवस तसंच असतं. मावशी लेकीच्या दारात उतरली तेव्हा नातू टकामका तिच्याकडे बघत होता.

"आजी, कुठून आलीस गं?" त्याने विचारलं.

"समोरून रे, बाळा," मावशी म्हणाली.

तात्पर्य: पायी चालणाऱ्यांचा मान अवश्य राखावा. त्यासाठी आधी त्यांना खाली बसवावं.