माझी सुकट, बाईंचं वरण

मंगळवारपासून मी जे खातो त्याची चव बर्वेबाईंना लागते, आणि बर्वेबाई जे खातात त्याची चव मला लागते.

चिपळूणच्या बाहेर, डोंगराच्या अंगाला एक संशोधन केंद्र आहे. तिथे मी चव घेण्याचं काम करतो. डॉ. अनघा तेंडोलकर मॅडम माणसाला खाण्यापिण्याच्या वस्तू कशा लागतात याचा अभ्यास करतात. आम्ही चव घेणारे ओळीने लाकडी कप्प्यांत बसतो. मध्ये पातळ फळी असते. दिवा लाल असतो, रंग बघून कोणी मत बनवू नये म्हणून. मॅडमनी घंटी वाजवली की समोरच्या झडपेतून सगळ्यांना एकच नमुना एकाच वेळी मिळतो. आपसांत बोलायचं नाही, अत्तर लावायचं नाही, आणि दोन नमुन्यांच्या मध्ये कोमट पाण्याने चूळ भरायची.

मी आठवीत शाळा सोडली. कुठे दाखवण्यासारखं माझ्याकडे काही नाही. जीभ चांगली आहे, असं मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं आणि मला ठेवून घेतलं. शेजारच्या कप्प्यात बर्वेबाई बसतात. त्या शाळेत गणित शिकवायच्या, आता निवृत्त आहेत. घरी एकट्या असतात, म्हणून येतात.

मंगळवारी कोकम सरबताची तपासणी चालू असताना लाईट गेली. अंधारात फळीच्या कडेला ठेवलेले आमचे चुळीचे पेले बदलले आणि दोघांनी एकाच क्षणी चूळ भरली. एवढंच झालं.

संध्याकाळी खोलीवर मी सुकट केली. भाकरीबरोबर पहिला घास घेतला तर तोंडात दुधीची भाजी. मी सुकट हुंगून बघितली. सुकटच होती. मी खायचं थांबलो, पण दुधी थांबली नाही. ती आणखी थोडा वेळ चालली आणि शेवटी ताक आलं.

दुसऱ्या दिवशी बर्वेबाई केंद्राच्या फाटकाशी उभ्या होत्या.

"विश्राम, काल संध्याकाळी तू काय खात होतास?"

मी खाली बघितलं. "सुकट, बाई."

"मला वाटलंच. जन्मात मी मासळीला शिवले नाही. आणि काल दुधीचा घास घेतला तर..." त्या थांबल्या. "लसूण केवढा घातला होतास!"

"पुढच्या वेळी कमी घालतो."

"कमी घाल असं मी म्हटलं का?"

आम्ही दोघे मॅडमकडे गेलो. मॅडमनी मला मिठाचं पाणी दिलं. बाई खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाल्या, "खारट." मॅडमनी बाईंना साखरेचं पाणी दिलं. मी म्हणालो, "गोड." मॅडमनी चष्मा पुसला.

"दोघांनी एकाच क्षणी एकमेकांच्या पाण्याने चूळ भरलीत. असं होतं."

"पूर्वी कधी झालंय?" बाईंनी विचारलं.

"नाही. पण होतं."

मॅडमनी उपाय सांगितला. सोमवारी पेले पुन्हा बदलून, घंटीबरोबर दोघांनी चूळ भरून टाकायची. गिळली तर उपयोग नाही. ज्याची चव त्याला परत. आधी करता येत नाही, कारण चव नव्या तोंडात बसायला आठवडा घेते आणि बसल्याशिवाय उठत नाही. "आणि नाही परत आली," मॅडम म्हणाल्या, "तर मला दोघांना कमी करावं लागेल. आपल्या घशाखाली काय जातंय हे ज्याला कळत नाही त्याच्या मताचं मी काय करू?"

मी रात्रभर विचार केला. ही जीभ गेली तर मला दुसरं काम कोण देणार?

तोपर्यंत जेवणाच्या वेळा एकमेकांना कळवाव्यात, अशी मॅडमची सूचना होती. आम्ही ती पाळली. बाई फोन करायच्या. "मी चहा घेतेय. सुंठ आहे, दचकू नकोस." मग मीही कळवायला लागलो. "बाई, मिरची चावली." पलीकडून उत्तर यायचं, "कळलं मला ते. आधी सांगायचं असतं."

याआधी मी काय खाल्लं, केव्हा खाल्लं, हे मला कोणी विचारत नसे. मीही कोणाला सांगत नसे.

शुक्रवारी संकष्टी होती. बाईंचा सकाळीच फोन आला.

"माझा उपास आहे."

"हो, बाई."

"म्हणजे तुझाही आहे. तू वडापाव खाल्लास तर माझा उपास राहतो का?"

मी विचार करून म्हणालो, "पोटात तर माझ्या जाईल."

"पोट कोण बघतंय? देव जिभेकडे बघतो."

मी दिवसभर शेंगदाणे खाल्ले. बाईंनी साबुदाण्याची खिचडी खाल्ली, त्यामुळे माझा उपास बरा गेला. चंद्र उगवल्यावर माझ्या तोंडात मोदक आले. तुपातले, गुळाला वेलचीचा वास. एकामागून एक येतच राहिले. मग फोन आला.

"पोचले का?"

"पोचले, बाई. पण तुम्हाला साखरेचा त्रास आहे ना?"

"मला चव लागत नाही, तर साखर कशी वाढेल, असं वाटलं मला."

"मग?"

"वाढली." त्या म्हणाल्या, "ते जाऊ दे. उपास सुटला आता. तुझ्याकडे काय आहे?"

"बोंबील आहेत. सुके. पण आज नको."

"नको कसं? तू काय उपाशी झोपणार? खा. आणि सावकाश खा. तू फार घाईने खातोस. मला काही कळायच्या आत संपतं."

मी सावकाश खाल्ले. पहिल्यांदाच इतके सावकाश खाल्ले.

रविवारी संध्याकाळी बाई म्हणाल्या, "उद्या चूळ आहे."

"हो, बाई."

"बरंच झालं. या वयात हे बरं नाही. तुझीही जीभ तुला परत मिळायला हवी. तुझं काम आहे."

"हो, बाई."

"आज काय करतोयस?"

"तुम्ही सांगा."

"मी कशी सांगू? मला नावं कुठे येतात!" मग हळूच म्हणाल्या, "ते पहिल्या दिवशीचं. लसूण तेवढाच."

सोमवारी मॅडमनी स्वतःच्या हाताने पेले बदलले. लाल दिवा लागला. घंटी वाजली. मी पाणी तोंडात घेतलं. चूळ टाकली की संपलं, हे मला माहीत होतं. नाही टाकली तर काम संपलं, हेही माहीत होतं. मी फळीपलीकडे कान दिला. चूळ टाकल्याचा आवाज आला नाही. तोंडात पाणी धरून फार वेळ बसता येत नाही. मी गिळलं. तेवढ्यात पलीकडेही घोट गेला.

"झालं, मॅडम," बर्वेबाई शाळेतल्या आवाजात म्हणाल्या. "माझं मला परत आलं."

माझे कान तापले. "माझंही," मी म्हणालो.

"बघू," मॅडम म्हणाल्या, आणि त्यांनी नेहमीची तपासणी लावली. आता सगळं उघड होणार, असं मला वाटलं. झडप उघडली. तेवढ्यात फळीवर बोटाच्या पेराने टकटक झालं. मला काही कळेना. पुन्हा टकटक झालं, जरा रागाने. वर्गात ढ मुलाच्या बाकावर मारतात तसं.

मग कळलं. नमुना सगळ्यांना एकच असतो. दोघांनी एकाच वेळी घोट घेतला, तर कोणाची चव कोणाकडे जाते याने काहीच फरक पडत नाही.

टकटक झाल्याबरोबर मी घोट घेतला. "आंबट," मी म्हणालो. "आंबट," बाई म्हणाल्या. पुढचा कडू होता. तोही जमला. पुढचेही जमले. मॅडम झडपेतून बराच वेळ आमच्याकडे बघत होत्या.

"बर्वेबाई, फळीवर काय वाजतंय?"

"सांधे, मॅडम. वयाने वाजतात."

मॅडमनी चष्मा पुसला. "बोलायला मनाई आहे," त्या म्हणाल्या. "वाजायला नाही." आणि आम्हा दोघांना कामावर ठेवलं.

संध्याकाळी मी ताट वाढून घेतलं आणि फोन लावला. बाईंनी उचलला, पण बोलल्या नाहीत. नुसतं त्यांच्या पाटाजवळ टकटक झालं.

मी सुकटीचा पहिला घास घेतला. वरणात मीठ जरा कमी होतं, पण तूप चांगलं होतं.