रायमोचं वाकडं पातं

"त्यात काय मोठंसं! लोखंड तापवायचं, हाणायचं, तेलात बुडवायचं. झाला चाकू!"

गावच्या दुकानात कॉफी पिता पिता रायमोनं ही फुशारकी मारली, तीही नेमकी वाल्फ्रिड लोहारासमोर! वाल्फ्रिडच्या घरात पणजोबांपासून भट्टी. तो शांतपणे म्हणाला, "मग जत्रेतल्या चाकूंच्या स्पर्धेला आण की. परीक्षक मीच आहे."

झालं! आता माघार कसली घेतो? रायमो म्हणजे बस चालवून निवृत्त झालेला पक्का ब्रह्मचारी. सकाळी सकाळी कुणी बोललेलं खपत नाही, म्हणून जंगलापलीकडे तळ्याकाठी एकटा राहायचा. लग्नाचा विषय निघाला की उठून लाकडं फोडायला जायचा. त्यामुळे त्याच्या अंगणात गावाला पुरेल एवढं सरपण साठलं होतं.

भट्टी नव्हती, पण सौना होती, म्हणजे वाफेनं अंघोळ करायची लाकडी खोली. तिच्या चुलीत त्यानं बर्चची लाकडं पेटवली, हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या थोरल्या बहिणीचा, लेम्पीचा, केस वाळवायचा ड्रायर आणून वारा घातला आणि एक जुनी कानस लालबुंद तापवली.

"रायमो! माझा ड्रायर!"

"ताई, कलेसाठी त्याग करावा लागतो."

"भुवईचासुद्धा?"

रायमोनं कपाळ चाचपलं. उजवी भुवई खरंच गायब होती!

ठोकून ठोकून पातं घडलं. तापवून तेलात बुडवल्यावर सौनाभर मासे तळल्यासारखा धूर झाला आणि पातं बाहेर आलं ते केळ्यासारखं वाकून. मग लेम्पीच्या ओव्हनमध्ये, वेलदोड्याच्या पावांशेजारी, ते ठिसूळ राहू नये म्हणून मंद आचेवर शेकलं. त्याला बर्चची मूठ बसली.

"हा चाकू आहे की विळी?" लेम्पीनं विचारलं.

"शोभेचा आहे, ताई. शोभेला बाक लागतो!"

जत्रेत वाल्फ्रिडनं चाकू उलटसुलट पाहिला. "म्यान कुठंय? म्यानाशिवाय चाकू घेत नाही मी स्पर्धेत."

म्यान! रायमोच्या ते डोक्यातच आलं नव्हतं. त्यानं भिरभिरत्या नजरेनं मैदान पाहिलं. कॉफीच्या टेबलाशी हिल्का पाठमोरी उभी होती. ही निवृत्त पोस्टमास्तरीण, नाचाच्या मंडळाची प्रमुख. अख्खं गाव तिला टरकून असायचं. अंगावर पारंपरिक पोशाख, आणि कमरेच्या पट्ट्याला आजीचं रिकामं म्यान, आतून लाकडी, टोकाला पितळ. अगदी मापाचं! रायमो हळूच मागून गेला आणि त्यानं चाकू आत सरकवला. नुसतं माप बघायला हो!

खट्‌! चाकू बसला. सगळ्या माना वळल्या. अकॉर्डियनसुद्धा मध्येच थांबलं.

कारण आजीच्या काळी लग्नाळू मुलगी कमरेला रिकामं म्यान लावायची. ती आवडली तर तरुणानं त्यात आपला चाकू ठेवायचा. तिनं ठेवून घेतला तर होकार, परत केला तर नकार. आज हिल्काच्या मंडळाचा नाचच ह्या प्रथेवर होता. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. रायमोलाही होतं, पण त्याचा हात डोक्याच्या आधी पोचला होता.

"शाब्बास रायमो! शेवटी विचारलंस!" गर्दीतून आवाज आला.

"अहो, मी फक्त माप..."

"लाजतोय बघा!"

हिल्का वळली. तिनं खाली पाहिलं आणि कॉफीची किटली ठेवली. "घ्या हो, हे तुमचं परत," म्हणत तिनं मूठ धरून ओढली. हलेना! बाक आत पक्का रुतला होता. मग रायमोनं ओढलं, तर म्यान, पट्टा आणि हिल्का, तिघंही सोबत आली! दोघं मैदानभर गोल फिरू लागली. अकॉर्डियनवाल्याला वाटलं नाच सुरू झाला. त्यानं वॉल्ट्झची धून धरली.

"म्यान कापा!" रायमो किंचाळला.

"आजीचं म्यान? हात लावून तर बघा!"

"मग चाकू मोडा!"

वाल्फ्रिडनं मुठीवर टिचकी मारली, जोर लावून पाहिला. "मोडत नाही रे हा. पोलाद फार छान जमलंय तुला." ज्या कौतुकासाठी रायमोनं भुवई जाळली होती, ते असं भलत्या वेळी पदरात पडलं!

"परत होत नाही, म्हणजे होकारच!" लोक ओरडले. पाद्रीबाबा आइस्क्रीम चाटत म्हणाले, "ऑगस्टमध्ये माझे दोन शनिवार मोकळे आहेत." रायमोला आपल्या शांत सकाळी आठवल्या. रोज सकाळी कुणीतरी बोलणार! तेही हिल्का!

तेवढ्यात हिल्का बाकड्यावर चढली. "ऐका सगळे! चाकू निघो न निघो, माझा नकार आहे. ह्या माणसाशी लग्न? छे! सात जन्मांत नाही!"

सुटला बिचारा! आता टोपी उडवून पळायचं, तर रायमो तिथंच खांबासारखा उभा. त्याला चक्क राग आला.

"का?" तो म्हणाला. "माझ्यात वाईट काय आहे?"

हिल्कानं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "एक भुवई कमी आहे."

"ती उगवेल!"

"उगवेल तेव्हा बघू. शनिवारी पक्कड घेऊन घरी या आणि तुमचा हा वाकडा चाकू काढून न्या. म्यान हवंय मला."

शनिवारी रायमोनं शर्टाला इस्त्री केली, बूट चमकवले, केसांना पाणी लावलं आणि शीळ घालत निघाला. लेम्पी फाटकाकडे धावली.

"अरे वेंधळ्या, पक्कड विसरलास!"

"अगं ताई," रायमो मागे न बघताच म्हणाला, "पहिल्याच दिवशी कशाला!"