मागून आणलेली वाकळ

आमच्या मोठीमायसमोर नवं कापड घालून जायची कोणाची छाती होत नसे. गेलंच कोणी, तर ती आधी त्याच्या धोतराचा सोगा दोन बोटांत धरायची, चुरगाळून पाहायची, उजेडाकडे करायची आणि अगदी मायेनं विचारायची, "हे कधी फाटन रे?"

तिच्या भाच्याच्या लग्नात नवरदेव बोहल्याकडे निघाला असताना तिनं त्याच्या शेल्याला हाच प्रश्न विचारला. नवरीकडची माणसं अपशकुन झाला म्हणून रुसून बसली. मोठीमायला रुसण्यासारखं काय झालं तेच कळेना. "मी नवरदेवाले थोडी म्हटलं," ती त्यांना समजावू लागली, "मी शेल्याले म्हटलं."

मोठीमाय म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. नाव चंद्रभागा. बडनेऱ्यापासून गाडीवाटेनं दोन कोसांवर आमचं गाव, आणि गावाच्या भोवती नजर पोचेल तिथवर काळी जमीन. त्या वर्षांत अमेरिकेत लढाई पेटली होती आणि तिची ऊब इकडे वऱ्हाडात आम्हाला लागत होती. विलायतेच्या गिरण्यांना कापूस मिळेना, म्हणून अमरावतीचे आणि अकोल्याचे दलाल बोंडं फुटायच्या आधीच आमच्या बांधावर येऊन रामराम घालू लागले. काल ज्यांना ओट्यावर कोणी बसवून घेत नसे, ते आज इतरांना ओट्याखाली उभं करू लागले. माझ्या वडिलांनी त्या पैशातून मला पुण्याला कॉलेजात धाडलं. पुढं मी ग्रॅज्युएट झालो, आमच्या घराण्यातला पहिला. मोठेबाबांनी, म्हणजे मोठीमायच्या नवऱ्यानं, बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या करवल्या आणि मुंबईहून भिंतीवरचं घड्याळ आणवलं. घड्याळ कोणालाच वाचता येत नव्हतं. तेव्हा मोठेबाबा रोज अंगणात जाऊन सूर्य पाहायचे आणि परत येऊन घड्याळ बरोबर चालल्याचं जाहीर करायचे.

आणि अशा घरची मालकीण दारोदार चिंध्या मागत फिरायची.

तिला वाकळी शिवायचा नाद होता. नाद म्हणजे कसा, तर तिच्या घरात माणसं कमी आणि वाकळी जास्त. गावात कोणाच्या घरी पाळणा हलला की हिची वाकळ तयार. पण तिच्या वाकळीचे कायदे सरकारी कायद्यांपेक्षा कडक. कापड अंगावर वापरून फाटलेलं पाहिजे. ते दारात उभं राहून, पदर पसरून मागितलेलं पाहिजे. विकतचं चालत नाही, पडलेलं उचललेलं चालत नाही, आणि स्वतःच्या घरचं तर मुळीच चालत नाही. लेकरं जगत नाहीत त्या घरात भिकेच्या चिंध्यांवर लेकरू निजवायचं, ही आमच्याकडची जुनी रीत. भिकेवरच्या पोरावर कोणाची नजर जात नाही म्हणतात. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. पण मोठीमायनं मला त्याबद्दल कधी विचारलं नव्हतं.

पाटलीणबाईंनी एकदा तिला किनखापाचा कोरा तुकडा देऊ केला. गावात पहिला किनखाप त्यांच्याच घरी आला होता आणि तो वाकळीत सगळ्यांच्या नजरेला पडावा, ही त्यांची साधी इच्छा. मोठीमायनं तो उलटासुलटा करून परत दिला. म्हणाली, याले अजून मानूस माहीत नाही. पाटलीणबाईंना हे फार लागलं. मग त्यांनी त्याच किनखापाची चोळी शिवली आणि ती घालून रोज जात्यावर बसू लागल्या. कापड फाटता फाटेना. दळण मात्र त्या वर्षी त्यांच्या घरी भरपूर झालं.

गोळा केलेल्या चिंध्या मोठीमाय आधी धुवायची, मग कात्रीनं त्रिकोण, चौकोन कापून रंगारंगाचे ढीग लावायची. खाली जुनं लुगडं अंथरायचं, त्यावर तुकडे मांडायचे आणि काठापासून सुरुवात करून धावदोरा घालत गोल गोल आत यायचं. अगदी मधे पोचली की वाकळ पुरी. मांडणीत तिची एक खोड होती. गावात ज्यांचं भांडण असेल त्यांच्या चिंध्या ती हटकून शेजारी शेजारी लावायची. बांधावरून कोर्टात गेलेल्या दोघा भावांची धोतरं तिनं एका टाक्यात शिवली होती. तुकडा लहान पडला, मोठा झाला, रंग जुळेना, की म्हणायची, "बसते बाप्पा, जरा ओढून घेतलं का बसते." सुनेबद्दलही ती हेच म्हणायची, आणि मोठेबाबांबद्दलही.

मोठेबाबांची मात्र या चिंध्यांनी झोप उडाली होती. अमरावतीचा दलाल ओट्यावर बसून भाव बोलतो आहे आणि समोरच्या न्हाव्याच्या दारात आपली बायको पदर पसरून उभी आहे, हे त्यांना पाहवत नसे. त्यांनी तिच्यासाठी मखमलीची गादी आणवली. तिनं ती हातानं चाचपली, छान आहे म्हणाली आणि पाहुण्यांसाठी ठेवून दिली. ते चिडून म्हणायचे, "मी कमावून राहिलो अन् तू मांगून राहिली. लोकाईनं काय समजावं?" ती म्हणायची, लोकाईले समजते.

मी कॉलेजातून सुट्टीला आलो होतो तेव्हाची गोष्ट. त्यांच्या एकुलत्या एका मुलाची बायको, माझी वहिनी, पोटुशी होती. तिची आधीची दोन्ही लेकरं पाचवीही न पाहता गेली होती. मोठीमायनं या खेपेला गावातल्या एकूण एक घराची चिंधी घालून वाकळ करायची ठरवलं होतं. आणि नेमकी कुंभाराच्या उंबऱ्यात अडखळून ती पडली. पाय असा सुजला की खाटेवरून उठवेना. ज्यांची धोतरं तिनं आजवर फाटायला लावली त्यांची नजर लागली, असं गावानं ठरवलं.

मोठेबाबांनी तिला धीर दिला. म्हणाले, तू निजून राय, गडी घरोघर जाऊन तुह्या नावानं मांगून आनते. आणि खरंच, दोन दिवसांत गाठोडं आलं. तांबडं, हिरवं, जांभळं, कधी गावात पाहिलं नाही असं रंगीत कापड. मोठीमाय खाटेवर बसून कापू लागली, शिवू लागली. वाकळ अशी झाली की पाहून डोळे दिपावे.

आयाबाया ती पाहायला जमल्या. रीतच होती तशी. प्रत्येकीनं आपली चिंधी शोधायची आणि ती कुठं लावली आहे त्यावरून खूश व्हायचं किंवा फुगायचं. त्या दिवशी सगळ्या वाकून वाकून पाहू लागल्या आणि एकीलाही आपलं कापड सापडेना. शेवटी कुंभारीण म्हणाली, "माय, आमची चिंधी कुठी हाय? आमाले तं कोनी मांगाले आलंच नाही."

मोठेबाबांना बोलावणं गेलं. ते आले आणि लपवाछपवी न करता म्हणाले की अमरावतीच्या बोहारणीकडून गाठोडं विकत आणवलं. भांड्यांवर जुने कपडे घेणारी ती बाई, तिच्याकडे लागेल तेवढा माल. "रोख घेतलं," ते म्हणाले, "कोनाचा उपकार नाही." त्यांच्या मतानं हा वाकळीचा गुण होता.

मोठीमायनं कात्री घेतली आणि मधल्या टाक्यापासून वाकळ उसवायला लागली. आतल्या खोलीत वहिनी सगळं ऐकत होती. तिचा नववा सरत आला होता. मग कुंभारीण उठून गेली आणि नवऱ्याचं जीर्ण पागोटं घेऊन खाटेसमोर उभी राहिली. मोठीमायनं बसल्या जागी पदर पसरून ते रीतसर मागितलं. त्यानंतर संध्याकाळपर्यंत खाटेपुढं रांग होती. मागणारी खाटेवर आणि देणारे दारात उभे, अशी भीक मी त्यानंतर कुठं पाहिली नाही. पाटलीणबाईही आल्या. किनखापाची चोळी काखेत अखेर फाटली होती.

वाकळ पुन्हा झाली. फक्त मधला हातभर चौकोन मोकळा राहिला आणि मोठीमाय तो भरेना. कारण विचारलं तर तिनं उशाखालून एक लहानसं आंगडं काढलं. विकतच्या गाठोड्याच्या तळाशी ते निघालं होतं. कोपराजवळ दोनदा रफू केलेलं, गळ्याला लाल दोरा. "हे बोहारनीले देलं कोनं?" ती म्हणाली. "लेकराचं कोनी देत नाही. धाकट्यासाठी ठेवते. ज्या मायनं देलं तिच्यापाशी मले जाऊन मांगाचं हाय."

मी तिला पटवू लागलो की हे तर्काला धरून नाही. वस्तू हातात असताना ती मागायची कशी? ती म्हणाली, "तू कालेजात शिकते, तुले नाही समजनार." दुसऱ्या दिवशी सकाळी मोठेबाबांनी गड्याला घरी ठेवलं, स्वतः गाडी जुंपली, आत गवत अंथरून त्यावर ती मखमलीची गादी टाकली आणि मोठीमायला उचलून तीवर बसवलं. मलाही बस म्हणाले.

अमरावतीत बोहारीण सापडली. आंगडं पाहून तिला लगेच आठवलं. एका कोष्टिणीनं सगळं बोचकं देऊन एक लोटा घेतला होता. तिनं घर दाखवलं. बुटकं दार, आत माग. मागावर सूत नव्हतं. आमच्या कापसाला भाव चढला तसं सूत महाग झालं आणि या घरातला माग थांबला, हे मला तिथं उभ्या उभ्या कळलं. हे मी कॉलेजात शिकलो नव्हतो.

बाई तिशीच्या आतली असेल. शिंगांना चांदी लावलेले बैल दारात पाहून ती घाबरली. मोठीमायनं गाडीतूनच आंगडं पुढं केलं, तशी ती झटकन आत गेली आणि लोटा घेऊन बाहेर आली. "हा परत पायजे का?" म्हणाली. "वापरला नाही जास्त."

मोठीमाय आम्हा दोघांच्या खांद्यांवर हात टाकून खाली उतरली आणि उंबऱ्यावर बसली. आंगडं तिनं त्या बाईच्या मांडीवर ठेवलं. मग दोन्ही हातांनी पदर पसरला. "हे तुहंच हाय, माय. आता मी मांगतो. माह्या घरी लेकरू येऊन राहिलं. तुले वाटलं तं दे."

बाई आंगड्याच्या गळ्याचा लाल दोरा बोटानं सरळ करत राहिली. मग तिनं त्याची नीट घडी केली आणि मोठीमायच्या पदरात ठेवली.

"आतून लावू नोका," ती म्हणाली. "वर लावा. त्याले उजेड आवडे."

परतीच्या वाटेवर बडनेरा मागं पडेपर्यंत मोठीमाय आंगडं मांडीवर घेऊन बसली होती. वेचणी चालू होती. दोन्ही बाजूंना शेतं पांढरी झाली होती. एकाएकी ती, माझ्याशी की मोठेबाबांच्या पाठीशी कोण जाणे, म्हणाली, "माहे तिघं गेले. येनाऱ्या लेकराच्या बापाच्या पाठीवरचे. त्यायचे कपडे मी चुलीत घातले. डोयासमोर नोको म्हनून. एक चिंधी ठेवली नाही."

तिनं आंगड्याची घडी उलगडून पुन्हा घातली.

"ठेवली असती," ती म्हणाली, "तं कोनी तरी मांगाले आलं असतं."

मोठेबाबांनी मागं वळून पाहिलं नाही. त्यांनी कासरा सैल सोडला आणि बैल आपल्या चालीनं चालत राहिले.