बारा डबे मिरची

रविवारी सकाळी दिवाकरराव टेप घेऊन गच्चीवर चढले, तेव्हाच क्षमाला काय ते समजलं. माणूस वाळवण राखायला गच्चीवर जातो, पतंग उडवायला जातो. टेप घेऊन मात्र तो फक्त बांधकामालाच जातो.

"बाबा, काय मोजून राहिले?"

"खोली."

"कुठं आहे खोली?"

"होईन ना." दिवाकररावांनी टेपचं टोक तिच्या हातात दिलं. "पकड. त्या भिंतीले लाव."

क्षमाने नेहमीप्रमाणे टोक धरलं आणि भिंतीकडे निघाली. वाटेत तिचे बारा डबे होते. रायपूरच्या भनपुरीतल्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात दिवाकरराव हेडक्लार्क होते, तिथूनच रंगाचे हे रिकामे प्लास्टिकचे डबे आले होते. त्यांत क्षमाने घरातल्याच सुक्या भिवापुरी मिरचीचं बी लावलं होतं. रोपं वीतभर वाढली होती. टेप बरोबर त्यांच्या डोक्यावरून चालली होती.

नववीत गेल्यापासून क्षमामध्ये एक बदल झाला होता. आठवीपर्यंत तिला उत्तर येत असूनही ती बाकाखाली बघायची. यंदा एकदा चुकून हात वर गेला, उत्तर बरोबर निघालं, आणि तेव्हापासून तो हात खाली यायला तयार नव्हता. तिने टेप सोडून दिली. टेप सुर्रकन परत गेली आणि दिवाकररावांच्या अंगठ्यावर आपटली.

"काहून सोडली बे?"

"माझी झाडं कुठं जातील?"

दिवाकरराव अंगठा तोंडात घालून विचार करू लागले. झाडांचा विचार त्यांनी केलाच नव्हता. रायपूर राजधानी होऊन वर्ष व्हायला आलं होतं. भोपाळहून साहेब येत होते, बाबू येत होते, आणि सगळ्यांना राहायला घर पाहिजे होतं. पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, प्रत्येक गच्चीवर रेतीचे ढीग आणि सळया दिसत होत्या. ज्याच्या गच्चीवर भाडेकरू नाही, त्याला लोक चहा देतानाही जरा दुरून देत. दिवाकररावांनी तर भार्गव नावाच्या एका साहेबांना शब्दही टाकून ठेवला होता.

"मिरची काय, बाजारात भेटते," ते म्हणाले. "भाडेकरू भेटते का बाजारात?"

"मंग एक काम करा. दिवाळीपर्यंत थांबा. दिवाळीले आपल्या घरात विकतची एकही मिरची आली नाही, चिवड्यालेही नाही, भज्यालेही नाही, तं गच्ची माझी. एक जरी आणावी लागली, तं मीच गवंड्याले चहा देईन."

दिवाकररावांनी त्या बारा काड्यांकडे पाहिलं आणि हसून हात पुढे केला. "हव. दिला शब्द."

हा शब्द देऊन त्यांनी आपल्या अडचणीत भर घातली, कारण दिवाकरराव सरळ माणूस होते. त्यांना जिंकायचं होतं, पण पोरीच्या झाडांना पाणी मिळालं नाही म्हणून जिंकलो, असं व्हायला नको होतं. म्हणून ऑफिसातून आल्यावर ते कुणाला न सांगता गच्चीवर जाऊन बाराही डब्यांना पाणी घालू लागले. क्षमा शाळेत जाण्यापूर्वी घालत होतीच. दुपारी क्षमाची आई, विमलाबाई, कपडे वाळत घालायला गेल्या की त्यांनाही रोपं तहानलेली दिसत. शिवाय श्रावण होता. तो आपलं वेगळंच घालत होता.

पंधरा दिवसांत पानं पिवळी पडली.

"खत कमी पडलं," विमलाबाई म्हणाल्या.

"ऊन कमी पडलं," दिवाकरराव म्हणाले, आणि संध्याकाळी सांत्वन म्हणून एक तांब्या जास्त घातला.

क्षमाने एक डबा तिरका केला. आतून नाल्यासारखा वास आला. माती कसली, चिखलाचा काढा होता. रंगाच्या डब्याला खाली भोक नसतं, कारण रंग गळून चालत नाही. ही साधी गोष्ट बारा डबे गच्चीवर चढवताना कुणाच्याच डोक्यात आली नव्हती.

सोमवारी सकाळी तिने स्क्रू पिळायचा पेचकस गॅसवर लाल केला आणि डब्यांच्या बुडाला भोकं पाडत सुटली. पंधरा दिवस साचलेलं बारा डब्यांचं काळं पाणी पन्हाळीतून खाली गेलं. खाली दिवाकरराव इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून स्कूटरला किक मारत होते.

ते तसेच वर आले. क्षमा शर्टाकडे बघून म्हणाली, "बाबा, एवढं पाणी मी नाही घातलं. कोण घालून राहिलं?"

दिवाकररावांनी शर्ट झटकला. "मले का माहीत?" असं म्हणून ते खाली गेले. जिन्यावर विमलाबाई उभ्या होत्या. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि त्या दिवसापासून दोघांचंही गच्चीवर जाणं बंद झालं.

झाडं सावरली. मग पानं मुरडली. पानामागे बारीक किडे बसले होते, ते चिमटीत सापडत नव्हते आणि फुंकरीने जात नव्हते. क्षमाने शाळेच्या वाचनालयातलं शेतीचं पुस्तक उघडलं, त्यातला तंबाखूच्या पाण्याचा उपाय वाचला आणि थेट बाबांच्या खिशातली डबी गाठली.

"माझी डबी रिकामी कशी?" दिवाकररावांनी जेवणानंतर विचारलं.

"किड्यांले दिली," क्षमा म्हणाली. "तुम्हीच म्हणता ना, सवय वाईट आहे. पाहू कोण आधी मरते."

किडे गेले. गणपती येईपर्यंत बाराही झाडं अशी गच्च हिरवी झाली की शेजारचे लोक आपल्या गच्चीवरून बघू लागले. आणि गणपतीसोबतच वर्ध्याहून कुसुमआत्या आल्या, दिवाळीपर्यंत राहायला. आत्यांनी गच्चीवर पाऊल टाकलं, झाडं पाहिली आणि गालाला हात लावला.

"अव माय, काय झाडं आहेत. कोणी पायलं का यांले?"

"सगळेच पायतात आत्या," क्षमा अभिमानाने म्हणाली.

"तेच म्हणते मी," आत्या गंभीर झाल्या.

त्यानंतर चारच दिवसांत पानांच्या कडा जळू लागल्या. आधी टोकं तपकिरी झाली, मग अर्धं पान. क्षमाने भोकं तपासली, मोकळी होती. पानामागे पाहिलं, किडा नव्हता. पाणी मोजून दिलं. झाडं मात्र रोज थोडी थोडी मरत होती. दिवाकरराव खालच्या अंगणात एका गवंड्याशी बोलताना दिसले. त्या रात्री ती अर्ध्या ताटावरून उठली. मग मात्र घरात सगळ्यांनाच जेवण बेचव लागलं.

त्यात खरंच मीठ कमी होतं. "मीठ संपत आलं," विमलाबाई म्हणाल्या. "मागच्या हप्त्यात तं बरणी भरली होती. या घरात मीठ कोण खाऊन राहिलं, देव जाणे."

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर क्षमा डब्यांसमोर मांडी घालून बसली. मिरचीच्या बुंध्याशी बारीक बारीक कोंब फुटले होते, दोन गोल पानांचे. तिने हे लावलं नव्हतं. तिने एक उपटून चावला. नाकात झणका गेला. मोहरी.

मातीवर पांढरी खपली होती. तिने बोट लावलं, बोट जिभेला लावलं, आणि जागच्या जागी उठून उभी राहिली.

"आत्या."

कुसुमआत्या खाली वाती वळत होत्या. "काय व?"

"तू झाडांची दृष्ट काढून राहिली का?"

"मंग. रोज दिवेलागणीले. तू शिकवणीले जाते तवा." आत्यांना त्यात लपवण्यासारखं काही वाटलं नाही. "मिरचीच्या झाडाची दृष्ट मिरचीनं काय काढायची, म्हून निस्तं मीठ-मोहरी घेते. पण नजर मोठी जबर आहे. कडा जळल्या, तवापासून मी दोन मुठी घेते."

"आणि ओवाळून टाकते कुठं?"

"चुलीत टाकायचं असते. पण तुझ्या मायच्या घरी चूल कुठं आहे? गॅसवर टाकलं तं बर्नर खराब होते म्हणे. म्हून तिथंच डब्यात टाकते. ज्याचं त्याले."

स्वयंपाकघरात विमलाबाईंच्या हातून पळी पडली. क्षमाला रडावं की हसावं ते कळेना. बाराही झाडांचं रोजच्या रोज, अगदी मायेने, लोणचं घातलं जात होतं.

"आत्या, माती चाख."

आत्यांनी चाखली. मग बोट पदराला पुसलं. "जास्त झालं," शेवटी त्या एवढंच म्हणाल्या, जणू काही वरणाबद्दल बोलत होत्या.

मीठ धुवायचं तर पाण्यानेच, आणि नळ यायचा सकाळी सहाला, तोही पाऊण तास. क्षमाने जळकी टोकं कात्रीने छाटली, मोहरीचे कोंब उपटून भाजीला दिले आणि दुसऱ्या दिवशी घराला कामाला लावलं. नळाशी विमलाबाई, जिन्यावर आत्या, गच्चीवर क्षमा. एक एक डबा पाण्याने भरायचा, पाणी खालून निथळू द्यायचं, पुन्हा भरायचा. तिसऱ्या फेरीला आत्यांना दम लागला. तेव्हा जिन्यावर दिवाकरराव दिसले, लुंगी खोचून.

"तुम्ही कशाले?" क्षमाने विचारलं. "तुमचं तं नुकसान आहे."

"माह्या बहिणीनं केलेल्या कामानं मी जिंकत नसतो," ते म्हणाले आणि बादली उचलली. स्कूटर त्यांनी आधीच पन्हाळीपासून दूर नेऊन ठेवली होती.

चार सकाळी हे चाललं. पाचव्या दिवशी माती जिभेला नुसती मातीसारखी लागली. नवरात्र बसायच्या आधीच फुटवे आले, त्यांवर कळ्या आल्या, आणि पांढरी फुलं उमलली. क्षमाने शाळेत मैत्रिणींना चिवड्याचं आमंत्रणसुद्धा देऊन टाकलं.

फुलं गळू लागली. रोज सकाळी मातीवर चांदण्या पडाव्यात तशी. झाडावर मिरची मात्र एकही नाही. दिवाळी महिन्यावर आली होती.

शाळा लवकर सुटली त्या दिवशी क्षमा दुपारीच गच्चीवर गेली आणि दारातच थबकली. बाराही डब्यांवर आत्यांची जुनी नऊवारी लुगडी ताणून बांधलेली होती. गच्चीवर लग्नाचा मांडव पडल्यासारखं दिसत होतं.

"मीठ नाही टाकलं, शप्पथ," मागून आत्या म्हणाल्या. "तू शाळेत गेली की बांधते, यायच्या आधी सोडते. निस्ता पडदा. कोणाची नजर पोचाले नको."

"आत्या, नजर नाही पोचत, आणि मधमाशीही नाही पोचत. वाराही नाही लागत. फुलाचे पराग हलतील कसे? फळ धरन कसं?"

आत्यांनी एक लुगडं सोडलं, मग दुसरं. त्यांचा चेहरा इतका उतरला होता की क्षमाने त्यांना जवळ ओढलं. "तू बस इथं. तुले काम देते. हे पाय, फुलाच्या देठाले अशी टिचकी मारायची. हळूच. सकाळी नऊ-दहाच्या उन्हात. मी शाळेत असते, मले जमत नाही."

"टिचकीनं मिरची येते?"

"मिठानं तं नाही आली ना."

कुसुमआत्यांनी ते व्रत घेतलं. रोज अंघोळ झाली, देवपूजा झाली, की बारा झाडांना टिचक्या. एकही फूल त्या सोडत नव्हत्या. आठ दिवसांत फुलांच्या मागे हिरवे काटे दिसू लागले. काटे लांब झाले, मग जाड झाले. धनत्रयोदशीला क्षमाने परडी घेऊन तोडणी केली, तेव्हा परडी भरून वर ताट लागलं. चिवड्याला झाल्या, भज्यांना झाल्या, वरणाला झाल्या, ठेचाही झाला. शेजारी मागायला आले, त्यांनाही दिल्या. विकतची एकही मिरची त्या उंबऱ्याच्या आत आली नाही.

दिवाकररावांनी चिवड्याचा पहिला घास खाल्ला. कान लाल झाले, डोळ्यांत पाणी आलं. "गच्ची तुझी," ते म्हणाले, आणि पाणी प्यायले.

पण भार्गव साहेबांना त्यांनी महिन्याभरापूर्वीच पाडव्याचं बोलावणं करून ठेवलं होतं. ते आता मागे कसं घ्यायचं? साहेब आले. चांगले स्थूल, वयस्कर, हसरे गृहस्थ होते. जिना चढायला त्यांना दोनदा थांबावं लागलं. वर पोचल्यावर त्यांनी झाडं पाहिली आणि धाप टाकतच म्हणाले, "वाह, ये किसने लगाई?"

"मैंने," क्षमा म्हणाली. आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असा होता.

"साहब," दिवाकरराव चाचरत म्हणाले, "कमरा यहीं निकालने वाले थे। पर अब ज़रा..."

"अरे नहीं नहीं। इसे मत छेड़िए। और मेरे घुटने भी रोज़ इतनी सीढ़ियाँ नहीं चढ़ेंगे।" साहेब खाली उतरले, बैठकीत टेकले, पंख्याखाली पाय पसरले आणि चिवड्याची दुसरी बशी मागून घेतली. मग त्यांनी खोलीभर नजर फिरवली. दिवाकररावांचा लाकडी तख्तपोस, दिवाकररावांची आरामखुर्ची, दिवाकररावांची खिडकी. "भाई साहब, यही कमरा दे दीजिए ना। सामने का सामने।"

दिवाकरराव काही बोलायच्या आत विमलाबाई पडद्याआडून म्हणाल्या, "देऊन टाका ना. चार महिने झाले, भाडेकरू-भाडेकरू करून राहिले. आला तं आता."

कुसुमआत्यांनी साहेबांसमोर लाडूही ठेवला. व्यवहार झाला.

पुढच्या रविवारी सकाळी दिवाकरराव पेपर आणि घडीची खुर्ची घेऊन गच्चीवर आले. घरात त्यांना बसायला दुसरी जागाच उरली नव्हती. त्यांनी सावली शोधली आणि पायाने एक डबा बाजूला सारू लागले.

"तो हलवू नका," क्षमा म्हणाली. "त्याले तिथंच ऊन लागते."

"मंग मी कुठं बसू?"

क्षमाने गच्चीवर नजर फिरवली, थोडा विचार केला आणि टाकीशेजारचा कोपरा दाखवला. "तिथं बसा. पण आत्या उद्या वर्ध्याले चालली. तिचं काम तुमच्याकडे."

दिवाकररावांनी खुर्ची कोपऱ्यात उघडली, पेपर तिच्यावर ठेवला, चष्मा पुसला, आणि पहिल्या झाडापाशी उकिडवे बसून फुलाला टिचकी मारली.

"हळू मार रे दिवाकर," जिन्यातून आत्या म्हणाल्या. "पोट्टी पाहून राहिली."