गोठ्यातली गुणगुण

बिमुर्झाच्या पणजोबांनी, चोर्लांनी, घराशेजारचा दगडी बुरूज बांधला. आजोबांनी, अल्मास्कीरांनी, बर्फाळ खिंडीतून देवळाची घंटा पाठीवर वाहून आणली. वडिलांनी, गेगींनी, स्वानेती नावाच्या पहाडी मुलखातल्या त्या खोऱ्यात विजेचा पहिला खांब रोवला. बिमुर्झाने त्या खांबावर आकडा टाकला.

खोऱ्यात विजेचे बिल येत नसे. साहजिकच गोठ्यागोठ्यांत वीज पिऊन बिटकॉइन हे आभासी नाणे पाडणारी यंत्रे घरघरत आणि संध्याकाळी घरांतले दिवे निखाऱ्यासारखे लाल होत. बिमुर्झाची तीन यंत्रे तर पुरेसा दाब न मिळून ऐन स्वयंपाकाच्या वेळी मान टाकत. खांबावरून थेट जाड तार ओढताच मात्र ती अशी गुणगुणू लागली की गाईंनीही थंडी झटकली. शेजारी त्सिउरीमावशींच्या घरात त्याच क्षणी अंधार पडला आणि गल्लीतल्या विजेच्या शेगड्या विझल्या.

आठवडा पितरांचा होता. त्या दिवसांत घरचे मृतात्मे मुक्कामाला येतात. त्यांच्यासाठी ताटे मांडावीत, आवाज चढवू नये, अशी तिथली रीत. बिमुर्झाच्या आई, मकवलाबाई, दूध काढायला गोठ्यात शिरल्या आणि दारातच थबकल्या.

"बिमुर्झा, तुझा बाप आलाय."

"कु... कुठे?"

"ऐकू येत नाही? खोगीर शिवताना अस्साच गुणगुणायचा. आणि ऊब बघ!"

बिमुर्झाने यंत्रे झाकणाऱ्या फळ्यांच्या आडोशाकडे चोरटी नजर टाकली. दुपारपर्यंत गल्लीतल्या बायका खिमा भरलेल्या रोट्या घेऊन गोठ्यात येऊन बसल्या. त्सिउरीमावशींनी शाल उतरवली.

"मकवला, जिवंतपणी तुझा गेगी एवढा ऊबदार नव्हता गं!"

"हळू बोल. ऐकेल तो."

अशातच गावाने ठराव केला: रविवारी प्रत्येक घरधन्याने संत जॉर्जच्या प्रतिमेवर हात ठेवून शपथ घ्यायची, 'माझ्या घरी यंत्र नाही.' खोट्या शपथेने वंश बुडतो, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. यंत्रे बंद करावीत, तर मुक्कामाला आलेला बाप भरल्या ताटावरून उठून गेला म्हणून आई हाय खाणार. चालू ठेवावीत, तर चार पिढ्यांच्या घराण्यावर पाणी पडणार.

शनिवारी बिमुर्झा आईसमोर उभा राहिला. "आई, गोठ्यात बाबा नाहीत गं. यंत्रं आहेत."

"मग? इतके दिवस एका जागी बसून काम करणारा तुझा बाप? मी दारातच ओळखलं."

"मग बायकांना कशाला बोलावलंस?"

"तुझ्यापायी त्यांच्या शेगड्या विझल्या. कुठंतरी ऊब नको त्यांना?" मग त्यांचा आवाज उतरला. "तू जन्मलास त्या हिवाळ्यात तार कमी पडली. दोन घरांना पुरेना. त्सिउरीच्या नवऱ्यानं आपली तार सोडली नि आमच्या घराला जोडली. म्हणाला, बाळंतिणीला उजेड हवा. ती दोघं बर्फ वितळेपर्यंत मेणबत्तीवर राहिली. तुझा बाप मरेपर्यंत म्हणायचा, आपल्यावर एक हिवाळा देणं आहे."

यंत्रे त्याच दुपारी खालच्या शहरातल्या मेव्हण्याकडे रवाना झाली. रविवारी बिमुर्झाने देवळात खणखणीत शपथ घेतली, आणि परतताच गावपंचांच्या संमतीने ती जाड तार त्सिउरीमावशींच्या घरात नेऊन जोडली.

"अरे मेल्या, केवढा हा लखलखाट!" त्या खिडकीतून ओरडल्या. "सगळ्या सुरकुत्या दिसतायत माझ्या!"

घाटातला बर्फ वितळला, तेव्हा मकवलाबाईंनी नवऱ्याच्या कबरीवर मद्याचा पेला ओतला आणि त्या म्हणाल्या, "गेगी, हिवाळा फिटला."